जुनी एअर-कूल्ड बीटल घरीच दुरुस्त करून उभी करायचीय? मग हा क्रम पाळा

ज्यांच्याकडे जुनी फोक्सवॅगन बीटल आलीय किंवा येणार आहे, आणि जे ती स्वतःच्या हाताने नीट करायचं म्हणतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला एक गाडी पूर्ण करायला चार वर्षं लागली आणि त्यातलं निदान दीड वर्ष फक्त क्रम चुकल्यामुळे गेलं, म्हणजे जे काम शेवटी करायचं ते आधी केलं आणि मग ते उसकटून पुन्हा केलं. काम अवघड नाहीये. बीटलचं इंजिन चार बोल्टांवर गिअरबॉक्सला लटकलेलं असतं, बॉडी बोल्ट काढून पॅनवरून (गाडीच्या तळाच्या चासीवरून) अख्खी उचलता येते, आणि २ कोटी १५ लाखांच्या वर गाड्या बनल्यामुळे (शेवटची मेक्सिकोत पुएब्लाच्या कारखान्यातून ३० जुलै २००३ ला बाहेर पडली) जवळपास प्रत्येक पार्ट आजही नवा बनतोय. जुनी फियाट ५००, सिट्रोएन २सीव्ही किंवा जुनी पोर्शे ९११ अशी दुसरी एअर-कूल्ड गाडी असेल तरी हवेबद्दलचं आणि आगीबद्दलचं जे पुढे सांगतोय ते लागू आहे, आकडे मात्र आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधलेच घ्या.

एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की करा. या गाडीत रेडिएटर नाही, पाणी नाही, म्हणजे इंजिनच्या आजूबाजूचा प्रत्येक पत्रा, प्रत्येक रबर, प्रत्येक झाकण हाच तिचा रेडिएटर आहे. हे समजलं की निम्मी चुकीची कामं आपोआप टळतात.

१. आधी गाडी कुठली आहे ते ओळखा

सगळ्या बीटल बाहेरून सारख्या दिसतात पण आतून नाहीत, आणि चुकीचे पार्ट मागवण्यात सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. एकाच वर्षाची गाडी वेगवेगळ्या देशांत वेगळी निघायची म्हणून नुसत्या वर्षावर जाऊ नका, गाडीखाली जाऊन बघा.

पुढचं सस्पेन्शन: साधारण १९६५ पर्यंत किंग पिन आणि लिंक पिन, त्यानंतर बॉल जॉइंट. १९७१ च्या मॉडेलपासून सुपर बीटल आली, तिला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, आणि १९७३ ची १३०३ आली तिला वळलेली पुढची काच. मागे स्विंग ॲक्सल (फक्त गिअरबॉक्सकडच्या टोकाला जॉइंट) आहे की दोन्ही टोकांना जॉइंट असलेला आयआरएस (स्वतंत्र मागचं सस्पेन्शन) ते बघा. चाकाला पाच बोल्ट असतील तर २०५ मिमीचा पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास), चार असतील तर १३० चा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वायरिंग ६ व्होल्टचं आहे की १२ चं, कारण बल्बपासून स्टार्टरपर्यंत सगळं त्यावर ठरतं.

इंजिनही आधी कुणीतरी बदललेलं असण्याची शक्यता भरपूर. ११९२ सीसी, १२८५, १४९३ आणि १५८४ ही चार नेहमी भेटतात. १५८४ म्हणजे ज्याला सगळे १६०० म्हणतात, बोअर (सिलेंडरचा व्यास) ८५.५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ६९ मिमी.

२. कागदपत्रं, पैसे देण्याच्या आधी

हे कंटाळवाणं आहे पण इथे घाई केली तर गाडी सुंदर होते आणि रस्त्यावर आणता येत नाही. जवळ हवं ते असं:

- मूळ नोंदणीचा कागद, विकणाऱ्याच्याच नावावर असलेला
- चासी नंबर: मागची सीट उचला, मधल्या टनेलवर (फ्लोअरच्या मधोमध पुढून मागे जाणाऱ्या उंचवट्यावर) ठोकलेला असतो, कागदाशी अक्षर न् अक्षर जुळवा
- इंजिन नंबर: डायनॅमोच्या स्टँडच्या अगदी खाली, क्रँककेसवर (इंजिनच्या मुख्य धातूच्या केसवर)
- विक्रीची पावती, जुनी बिलं, आधी कुणी काय काम केलंय त्याच्या नोंदी
- इंजिन, ब्रेक किंवा उंची बदलणार असाल तर तुमच्या नोंदणी कार्यालयाचे आणि विमा कंपनीचे नियम, आधी विचारून आणि लेखी घेऊन

इंजिन नंबर जुळत नसेल तर गाडी वाईट असंच काही नाही, पण ते विकणाऱ्याने कागदावर दुरुस्त करून द्यायचं, तुम्ही घेतल्यानंतर नाही. चासी नंबरभोवती ताजं वेल्डिंग किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या तर सरळ मागे फिरा.

३. गंज: रंग बघू नका, खाली झोपा

मी घेतलेल्या गाडीचा रंग चकाचक होता. घरी आणून जॅक लावला आणि दाराखालचा भाग करकरला, आत पत्रा जवळपास नव्हताच, लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला होता. त्या दिवसापासून मी कुठलीही बीटल बघायला गेलो की लोहचुंबक आणि बोथट स्क्रू-ड्रायव्हर खिशात असतो. लांबीवर चुंबक चिकटत नाही, एवढी साधी तपासणी आहे.

हीटर चॅनल पहिल्यांदा बघायचे. दाराच्या उंबऱ्याखालून पुढून मागे जाणारे हे दोन पोकळ चॅनल इंजिनची गरम हवा केबिनमध्ये आणतात आणि त्याच वेळी बॉडीची ताकदही तेच धरून असतात. ते गेले की बॉडी मधून वाकते. दार उघडून थोडं वर उचलून बघा, बिजागरी ढिली नसताना दार आणि मागच्या खांबातली फट वर आणि खाली सारखी दिसत नसेल तर बॉडी बसलीय असं समजा.

मग बॅटरीची जागा. बॅटरी मागच्या सीटखाली उजव्या बाजूला असते, वर्षानुवर्षं ॲसिड सांडून तिथला फ्लोअर चाळणी झालेला असतो. तो एक तुकडा बदलता येतो, त्याची भीती नको. पण पुढचं फ्रेम हेड, म्हणजे जिथे पुढचा बीम पॅनला जोडलेला असतो तो भाग, आणि मागे शॉकॲब्सॉर्बर बसतात तिथला बॉडीचा पत्रा कुजलेला असेल तर पहिल्याच प्रोजेक्टसाठी ती गाडी घेऊ नका. इंजिन खराब, काचा फुटलेल्या, सीट फाटलेल्या, हे सगळं चालेल. मला निवड दिली तर मी बंद इंजिनची पण कोरड्या पत्र्याची गाडी घेईन, चालू इंजिनची कुजकी नाही.

४. इंजिन न खोलता काय कळतं

इंजिन बंद असताना मागे वाका, खालची मोठी पुली दोन्ही हातांनी धरा आणि सरळ स्वतःकडे ओढा, मग आत ढकला. जेमतेम जाणवणारी हालचाल ठीक, पण टकटक असा आवाज करत पुली मागेपुढे जात असेल तर क्रँकचा एंड प्ले (क्रँकशाफ्टची मागेपुढे हलायची मोकळीक) प्रमाणाबाहेर वाढलाय. नियम ०.०७ ते ०.१३ मिमीचा आहे, ०.१५ च्या वर गेलं की इंजिन उघडावं लागतं आणि बऱ्याचदा केसच मशीनिंगला जाते.

चालू होत असेल तर गरम करून कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलेंडरमधला दाब) गेजने मोजा, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून. आकडा किती यापेक्षा चारांत फरक किती हे जास्त बोलतं. तीन सिलेंडर सारखे आणि ३ नंबर पडलेला, हे चित्र बीटलमध्ये खूप दिसतं. का ते अकराव्या पायरीत सांगतो. सिलेंडर कसे मोजायचे तर गाडीच्या पुढच्या दिशेला तोंड करून, उजवीकडे पुढचा १, मागचा २, डावीकडे पुढचा ३, मागचा ४. फायरिंग ऑर्डर १-४-३-२.

५. हत्यारं आणि जागा

गाडी दोन्ही बाजूंनी फिरता येईल एवढी छताखालची जागा हवी, आणि बॉडी उचलणार असाल तर ती वेगळी ठेवायलाही जागा हवी, याचा विचार लोक बॉडी हवेत असताना करतात.

बाकी बहुतेक काम १०, १३, १७ आणि १९ च्या पान्यांवर होतं. वेगळं लागतं ते एवढं:

- ३६ चा सॉकेट आणि लांब बार, फ्लायव्हीलच्या आणि मागच्या ड्रमच्या नटसाठी
- १७ ची ॲलन की, गिअरबॉक्स ऑईलच्या बुचांसाठी
- दोन टॉर्क रेंच, एक लहान एक मोठा
- फीलर गेज, टायमिंग लाईट, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज
- चाकांवर फिरणारा जॅक आणि चार ॲक्सल स्टँड
- मिग वेल्डर, ग्राइंडर, भरपूर क्लॅम्प
- डोळ्यांना चष्मा, नाकाला चांगला मास्क, ड्राय पावडरचं अग्निशामक

ॲक्सल स्टँडशिवाय खाली जायचं नाही, दोन मिनिटांच्या कामालासुद्धा नाही. जुन्या ब्रेक शूमध्ये आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

६. खोलताना

प्रत्येक वस्तू काढायच्या आधी फोटो, काढल्यावर फोटो, आणि नटबोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर कुठले ते लिहिणं. "लक्षात राहील" असं वाटतं पण आठ महिन्यांनी काहीही लक्षात राहत नाही. जुना पार्ट कितीही खराब असो, नवा बसून चालेपर्यंत फेकू नका. नवे पत्र्याचे पार्ट अगदी बरोबर मापाचे येतीलच असं नाही, तेव्हा जुना समोर ठेवून जुळवावं लागतं.

गंजलेले बोल्ट जोर लावून तोडू नका. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी परत मारा, मग आधी किंचित घट्ट करून मग सोडवा. मडगार्डचे बोल्ट हटकून तुटतात, त्यांच्यासाठी टॅप (आटे पाडायचं हत्यार) जवळ ठेवा. आणि एक, काही मॉडेलना डाव्या पुढच्या चाकाच्या बेअरिंगच्या नटाचे आटे उलटे असतात, त्याच चाकातून स्पीडोमीटरची केबल जाते. आटे कुठल्या बाजूचे आहेत ते बघितल्याशिवाय लांब बार लावू नका.

७. पॅन आणि हीटर चॅनल

या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळ्यात मोठी चूकही इथेच होते. हीटर चॅनल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे-तिरके वेल्ड करून किंवा बोल्टने बसवून बॉडी बांधून घ्या. दोन्ही बाजूंनी, आणि एक पाइप डावीकडून उजवीकडेही. असं न करता चॅनल कापला की बॉडी काही मिलिमीटर सरकते, डोळ्यांना दिसत नाही, आणि मग नवीन चॅनल वेल्ड करून झाल्यावर दार लागत नाही. एका वेळी एकच बाजू कापा. दर थोड्या वेळाने दारं बसवून फटी बघा. हो, दर वेळी दार बसवायचं आणि काढायचं, कंटाळा येतो पण याला पर्याय नाही.

बॉडी पॅनवरून उचलायची असेल तर कडेच्या रांगेतले १३ चे बोल्ट तर दिसतात, पण मागच्या सीटखालचे, मागच्या शॉकॲब्सॉर्बरजवळचे आणि पुढे पेट्रोलच्या टाकीखाली लपलेले १७ चे विसरले जातात. बॉडी कुठेतरी अडली तर समजा एखादा बोल्ट राहिलाय. स्टिअरिंगचा जॉइंट, ब्रेक ऑईलच्या डबीची नळी, वायरिंग, स्पीडोमीटर केबल आधी सोडवा. बॉडी परत बसवताना मधली रबरी पट्टी नवीनच घाला, नाहीतर पाणी आत येऊन सगळी मेहनत पुन्हा कुजते.

वेल्डिंगच्या आधी पेट्रोल टाकी गाडीबाहेर नाही तर खोलीबाहेर. बॅटरी काढलेली. आणि फ्लोअरला आतून चिकटवलेले डांबराचे शीट खरवडून काढलेले, ते उष्णतेने पेटतात आणि तुम्ही खाली झोपलेले असल्यामुळे वर काय पेटलंय ते दिसत नाही. सलग लांब वेल्ड मारू नका, टाके टाके मारत, एकदा इकडे एकदा तिकडे, म्हणजे पत्रा वाकत नाही. झाल्यावर सांध्यांना सीलर, खालून जाड रंग, आणि चॅनलच्या आत मेणाचं कोटिंग.

८. ब्रेक आणि स्टिअरिंग, इंजिनच्या आधी

मी इंजिन आधी केलं. चालू गाडी समोर उभी असली की ती बाहेर काढायचा मोह होतो आणि तिला थांबायला जमत नसतं. म्हणून आधी ब्रेक.

व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडर, लोखंडी नळ्या आणि रबरी होज सगळं नवीन घाला, एकेक बदलत बसू नका. जुने रबरी होज बाहेरून चांगले दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात, पेडल सोडलं तरी चाक धरून राहतं आणि माणूस उगाच ड्रम घासत बसतो. तुमच्या गाडीला एकच सर्किट असेल, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला, तर दोन सर्किटचा मास्टर सिलेंडर बसवणं हे मी पहिलं मॉडिफिकेशन मानतो आणि ते आत्ताच करून घ्या.

मागच्या ड्रमच्या ३६ च्या नटला साधारण ३०० न्यूटन मीटर टॉर्क लागतो. कॉटर पिनचं (नट फिरू नये म्हणून आरपार घालायच्या पिनेचं) भोक जुळलं नाही तर नट मागे फिरवायचा नाही, पुढे घट्ट करत जुळवायचा. सैल राहिला तर ड्रमचे दाते घासून जातात आणि रिव्हर्समध्ये टक असा आवाज यायला लागतो.

९. पेट्रोलची लाईन

हे नीट वाचा. बीटल जळून जाण्याची जी दोन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात त्यातलं एक इथलं आहे. टाकी पुढे, इंजिन मागे, मधे टनेलमधून नळी आणि दोन्ही टोकांना होज. जुने कापडी विणीचे होज आतून तडकतात आणि कापडामुळे ते दिसत नाही. सगळे होज नवे, क्लिपसकट. इंजिनच्या पत्र्यातून नळी जिथे आत येते तिथे रबरी ग्रोमेट असलंच पाहिजे, नसेल तर पत्र्याची धार होज कापते.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जिथून शिरतं ती पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. वयाने ती ढिली होते आणि चालू गाडीत निघून आली तर पंप डिस्ट्रिब्यूटरवर पेट्रोल ओततो. हाताने पकडून पिळून बघा, हलली तर ती काढून आटे पाडून नवी बसवा. आणि पेट्रोल फिल्टर इंजिनच्या खोलीत लटकवू नका, त्याच्या वजनाने होज ओढला जातो. तो गिअरबॉक्सच्या बाजूला खाली बसवा.

क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. ती एकदा पेटली की पाण्याने आग वाढते, विझत नाही. म्हणून पेट्रोलची आग पहिल्या काही सेकंदांतच विझली पाहिजे, अग्निशामक हाताशी हवं ते याच्यासाठी.

दुसरं कारण बॅटरी. मागच्या सीटच्या स्प्रिंगा दाबल्या जाऊन बॅटरीच्या टर्मिनलला टेकतात आणि सीटमधला काथ्या पेटतो. बॅटरीवर झाकण बसवा आणि ठरलेल्या उंचीचीच बॅटरी घ्या.

१०. इंजिन काढणं आणि आतलं काम

बॅटरी सोडवा, पेट्रोलचा होज चिमटा, थ्रॉटल केबल, हीटरच्या दोन केबल, वायरी, मागचा आडवा पत्रा, मग १७ चे चार बोल्ट, दोन वर दोन खाली. जॅक इंजिनच्या मध्यावर. चारही सुटले की इंजिन सरळ मागे सरकवायचं आणि मगच खाली. अर्धवट बाहेर असताना त्याचं वजन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर टेकू देऊ नका, क्लच प्लेट वाकते. इंजिनचं वजन शंभर किलोच्या आसपास आहे, सोबत एक माणूस हवाच.

खोलल्यावर हेड नीट धुऊन बघा, व्हॉल्व्ह सीट आणि प्लगच्या भोकामधे तडा जातो. केसमधून हेडचे स्टड आट्यांसकट उपटून येतात, तिथे स्टीलचे इन्सर्ट बसवून घ्या. केसचं लाइन बोअरिंग आणि क्रँकचं ग्राइंडिंग चांगल्या मशीन शॉपला द्या, ते घरी होत नाही. तुमचं काम मोजणं, स्वच्छता आणि क्रम.

हाताशी ठेवायचे आकडे:

- हेडचे नट: १० मिमी स्टडना सुमारे ३१ न्यूटन मीटर, ८ मिमीना सुमारे २५
- फ्लायव्हीलचा नट: सुमारे ३५० न्यूटन मीटर
- टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली): ०.१५ मिमी, इंजिन पूर्ण थंड असताना
- डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट: ०.४ मिमी
- इंजिन ऑईल: २.५ लिटर
- खालच्या ऑईल जाळीचे सहा लहान नट: फक्त ७ न्यूटन मीटर. हे जोराने आवळून स्टड उपटलेली इंजिनं मी स्वतः दुरुस्त केलीयत

टॅपेटची सोपी पद्धत: १ नंबर वरच्या टोकाला आणा, म्हणजे रोटर डिस्ट्रिब्यूटरच्या काठावरच्या खुणेकडे बघतोय असं, १ चे दोन्ही टॅपेट लावा. मग पुली उलटी, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, अर्धा फेरा फिरवा, आता २ नंबर. परत अर्धा, ३. परत अर्धा, ४. उलटं फिरवल्यामुळे नंबर ओळीने येतात, डोक्याला ताप नाही.

११. पत्रे, रबर आणि हवा

एअर-कूल्ड गाडीचं सगळं इथे आहे आणि नवीन माणूस नेमकं इथेच काटछाट करतो. इंजिनच्या भोवतीचे पत्रे वरची थंड हवा आणि खालची गरम हवा वेगळी ठेवतात. पंखा वरून थंड हवा ओढतो, फॅन हाउसिंगमधून सिलेंडरच्या पात्यांवर फेकतो आणि ती तापून खाली निघून जाते. कडेच्या रबरी पट्टीत फट राहिली, एखादा पत्रा बसत नाही म्हणून काढून टाकला, प्लगच्या वायरींची रबरी टोपणं नाहीत, की खालची गरम हवा परत वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. माझ्या पहिल्या बांधणीत सिलेंडरच्या खालचे दोन छोटे पत्रे मी बिनकामाचे समजून लावलेच नव्हते. ते सिलेंडरच्या खालच्या अंगाला हवा वळवतात. दोन हजार किलोमीटरमध्ये ३ नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला.

३ नंबरच का? कारण जुन्या रचनेत ऑईल कूलर फॅन हाउसिंगच्या आतच, ३ नंबरच्या वाटेत उभा असतो, त्या सिलेंडरला येणारी हवा आधीच अडलेली आणि तापलेली असते. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाहेर काढून वेगळ्या कप्प्यात नेला, त्याला डॉगहाउस म्हणतात. जुन्या गाडीला डॉगहाउस हाउसिंग बसवणं हा मला ठाऊक असलेला सगळ्यात फायद्याचा बदल आहे, क्रोमच्या कुठल्याही वस्तूपेक्षा.

फॅन हाउसिंग काढलंच आहे तर आत बघा. उभ्या गाडीत उंदरांची घरटी, फडकी, पालापाचोळा निघतो. थर्मोस्टॅट आणि आतल्या झडपा काढून टाकू नका. थर्मोस्टॅट ६५ ते ७० अंशांना झडपा उघडतो, त्यामुळे इंजिन लवकर तापून नीट चालतं.

आणि हीटर. हीट एक्स्चेंजर (एक्झॉस्टच्या उष्णतेने केबिनची हवा तापवणारा भाग) गंजून भोक पडलेलं असेल तर एक्झॉस्टचा धूर थेट केबिनमध्ये येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शंका असेल तर नवे घाला, तोपर्यंत हीटर बंद.

१२. वायरिंग

जुनं वायरिंग जोडजोडून ठेवलेलं असेल तर पूर्ण नवीन हार्नेस घ्या. अर्थिंगच्या प्रत्येक जागेचा रंग खरवडा, रंगावर घट्ट केलेला बोल्ट अर्थ देत नाही. ६ व्होल्टवरून १२ वर जाणार असाल तर फ्लायव्हीलचे दातेही मोजा, ६ वाल्याला १०९ आणि १२ वाल्याला १३० असतात आणि स्टार्टर त्याप्रमाणे लागतो.

१३. रंग

प्रायमर घरी मारा, शेवटचा रंग बूथ असलेल्या माणसाकडून. मडगार्ड, दारं, बॉनेट वेगवेगळी काढून रंगवून मग जोडायची. लांबी अगदी पातळ, आणि बेअर पत्रा एक रात्रही उघडा ठेवू नका.

१४. पहिल्यांदा चालू करताना

प्लग काढून ठेवा, ऑईल भरा, आणि ऑईलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर फिरवा, थांबत थांबत. मग प्लग. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील तर चालू झाल्याबरोबर साधारण २००० आरपीएमवर २० मिनिटं ठेवायचं, आयडलवर सोडायचं नाही, आणि ऑईल जास्त झिंकवालं घ्यायचं. म्हणून कार्बोरेटर आणि टायमिंग आधीच अंदाजे जुळवून ठेवा, चालू होत नाही म्हणून स्टार्टर मारत बसलात तर नवा कॅम तिथेच झिजतो. टायमिंग लाईटने बघताना ३००० आरपीएमच्या वर एकूण ॲडव्हान्स (पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी पडते ते) २८ ते ३२ अंशांत राहू द्या. जास्त ॲडव्हान्सने गाडी चपळ वाटते आणि हेड जास्त तापतात.

नंतर ऑईल बदला, ५०० किलोमीटरला टॅपेट पुन्हा बघा. पुढे दर ५००० किलोमीटरला ऑईल, कारण मूळ इंजिनला फिल्टर नाही, नुसती जाळी आहे.

१५. आता मॉडिफिकेशन

गाडी मूळ स्वरूपात निदान काही महिने चालवा. तिचा आवाज, तिची उष्णता, तिची नेहमीची चाल कळल्याशिवाय बदल केला तर बिघाड बदलामुळे आलाय की आधीच होता ते कळत नाही. एका वेळी एकच बदल, आणि काढलेला मूळ पार्ट जपून ठेवायचा.

माझा क्रम असा: पुढचे डिस्क ब्रेक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, फुल-फ्लो ऑईल फिल्टर, ऑईल टेम्परेचर गेज, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. हे सगळं परत काढता येतं आणि गाडी रोज वापरण्यासारखी होते.

ताकद वाढवायची तर १७७६ सीसी, म्हणजे ९०.५ मिमीचे पिस्टन आणि मूळचाच ६९ चा स्ट्रोक, हा जमलेला मार्ग आहे, पण केस आणि हेड मशीनिंग करावे लागतात. मशीनिंग नको म्हणून लोक १६४१ चा ८७ मिमीचा सेट घालतात, त्याच्या सिलेंडरच्या भिंती पातळ असल्यामुळे तापून आकार सोडतात. मी तो घालणार नाही. दोन कार्बोरेटर लावले तर दोन्ही बाजू सारख्या जुळवणं दर काही महिन्यांनी करावं लागतं, त्याची तयारी ठेवा.

खाली बसवायची असेल तर मागे टॉर्शन बारचे (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या लोखंडी दांड्याचे) दाते फिरवावे लागतात, आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता एका दिशेला आणि बाहेरचा एक उलट दिशेला फिरवला की एका अंशाहूनही कमी फरक मिळतो, एवढं बारीक जुळवता येतं. स्प्रिंग प्लेट ताणाखाली असते, ती सुटताना बोटं आणि चेहरा लांब, खाली जॅक लावूनच. स्विंग ॲक्सलची गाडी जास्त खाली केली की मागची चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतून खातात.

शेवटचं, डिकी पुढे आहे, तिच्यात कायम ठेवा: फॅन बेल्ट, २१ चा पाना, मोठा स्क्रू-ड्रायव्हर. बेल्ट मधोमध दाबला तर साधारण १५ मिमी दबला पाहिजे, ताण पुलीच्या दोन अर्ध्यांमधले वॉशर कमी-जास्त करून जुळतो आणि उरलेले वॉशर पुलीच्या बाहेरच्या बाजूला ठेवायचे. चालताना चार्जिंगचा लाल दिवा लागला तर ते बॅटरीचं काम समजून घरापर्यंत रेटू नका. तोच बेल्ट पंखाही फिरवतो. गाडी तिथेच कडेला घ्या, इंजिन बंद करा, मागचं झाकण उघडा आणि बेल्ट जागेवर आहे का ते बघा.